पहिला खटका माळीपुऱ्याचा

दादा,

तुझ्या तेरवीला माणसं ओसरीवर बसून तुझ्याबद्दल बोलत होती. "देवमानूस होता किसनभाऊ," कोणी म्हणालं. "कोनाशी आवाज चढवून बोलला नाई कधी," दुसऱ्यानं पुस्ती जोडली. मी आत वैनीजवळ बसले होते. आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि तेवढ्या रडण्यातही वैनीच्या ओठांचा कोपरा हलला. आवाज चढवून बोलला नाही म्हणे! मग इतकी वर्षं आपल्या घरात, जेवणाच्या ताटावरून, वांग्याच्या वाफ्यांवरून आणि सगळ्यात जास्त त्या विजेच्या खटक्यांवरून माझ्याशी भांडत कोण होतं?

माणूस गेला की लोक त्याला धुऊन-पुसून ठेवतात. मला तू तसा नको आहेस. हाताच्या रेषांत काळं तेल मुरलेला, हरायला लागला की "जाऊ दे, तुले समजत नाई" म्हणून उठून जाणारा, आणि चूक झाली की ताटातून मान वर न करणारा, असा तू मला हवा आहेस. म्हणून लिहायला बसले. लिहायला तूच शिकवलंस, तेव्हा वाचायलाही तूच हवा होतास.

माझं कुंकू पुसलं गेलं तेव्हा मी केनवडला सासरी होते. किती लहान होते ते आता आठवूनही खरं वाटत नाही. तू बैलगाडी घेऊन आलास. सासूबाई म्हणाल्या, "राहू द्या इथीच. दोन घास खाईन, काम करन." तू दारातच उभा होतास, डोक्याचा रुमालही काढला नव्हतास. म्हणालास, "काम तं ते आमच्या घरी बी करन. पन मी तिले शिकवून राह्यलो. मधात सोडता येत नाई."

मला तेव्हा 'ग'सुद्धा येत नव्हता. गाडी गावाबाहेर पडल्यावर मी विचारलं, "दादा, काहून खोटं बोलला रे?"

"खोटं नाई बोललो," तू बैलांकडे पाहत म्हणालास. "उद्यापासून चालू करतो."

आणि केलंस. चुलीतल्या कोळशानं न्हाणीच्या दगडावर तू माझं नाव लिहिलंस, गोदा, आणि वैनी पाणी ओतून ते पुसायला लागली तर तिच्यावरच ओरडलास. पुढं शाळा झाली, अकोल्याला मास्तरणीचं शिक्षण झालं, आणि मी मुलींच्या शाळेत बाई होऊन वाशीमला परत आले. त्या दिवसापासून तू मला 'मास्तरीन' म्हणायला लागलास. कौतुकानं म्हणायचास की चिडवायला, हे मला कधी नीटसं कळलं नाही. दोन्ही असेल.

वीजघर आपल्या मळ्याला लागून उभं राहिलं ते आपल्या विहिरीमुळं. इंजिनांना थंड ठेवायला सारखं पाणी लागतं, आणि आपली विहीर भर उन्हाळ्यातही तळ दाखवायची नाही. बाबांनी पाणी द्यायचं कबूल केलं आणि पाण्यामागून तू गेलास. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधता बांधता तू त्या धडधडीकडं कान लावून बसायचास. बाबा म्हणायचे, "हे पोट्टं मळ्याचं राह्यलं नाई." अकोल्याच्या गिरणीत इंजिनाचं काम शिकून तू आलास आणि वीजघराच्या स्विचबोर्डापाशी उभा राहिलास. इंजिनातून बाहेर पडलेलं गरम पाणी आपल्या हौदात यायचं, थंड होऊन वांग्यांना जायचं, आणि पौषातल्या सकाळी वैनी त्यात धुणं धुताना शेजारणींना बोलावून बोलावून हात बुडवायला लावायची.

गाव पहिल्यांदा अख्खं अंधारात गेलं तो दिवस तुला शेवटपर्यंत सुटला नाही. इंजिनं दोन, एक मोठं आणि एक लहान. दोघं मिळून साऱ्या गावाचं ओझं ओढायची. कापसातली सरकी काढायच्या रेच्यांचा जिनिंग कारखाना, बाजार, स्टेशनाकडचे बंगले, बायकांचा दवाखाना आणि कडेला आपला माळीपुरा. त्या दिवशी दिवेलागणीला मोठ्या इंजिनाचं काहीतरी मोडलं. सारं ओझं एकदम लहान्यावर आलं. ते घरघरलं, दम लागल्यासारखं झालं, आणि तेही बसलं. सगळं गाव एका झटक्यात काळं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई स्वतः वीजघरात आल्या. मी तुझा डबा घेऊन तिथंच होते. त्या रागावल्या नव्हत्या, त्यामुळंच तू जास्त घाबरलास. म्हणाल्या, "किसनराव, वीज नसली तर माझं अडत नाही. कंदील लावते आणि काम करते. पण टाके घालत असताना मध्येच उजेड गेला, की माझे हात तेवढा वेळ आंधळे होतात. काल त्या बाईच्या नशिबानं निभावलं."

त्या दिवशी तू डबा उघडलाच नाहीस. घरी आल्यावर भाकरीचा तुकडा हातात घेऊन म्हणालास, "सारंच्या सारं गाव अंधारात काहून गेलं, गोदे? एक इंजिन तं चांगलं होतं ना?"

"मले काय विचारतं? इंजिनवाला तू."

"जोडीतला एक बैल बसला तं आपन काय करतो? दुसऱ्याले तशीच भरली गाडी ओढाले लावतो का? अर्धी पोती खाली टाकतो. मंग तो घरापर्यंत तरी येते. मी काल एक बी पोतं खाली नाई टाकलं. टाकाले सोयच नाई. साऱ्या गावाची एकच तार हाय."

मग तू नागपूरहून येणाऱ्या वीज कंपनीच्या साहेबांच्या मागं लागलास. साहेब भला माणूस. त्यांनी तुझं ऐकून घेतलं, स्वतः खाली बसून नकाशा काढला आणि गावाच्या लाइनी वेगवेगळ्या करायला लावल्या. लढाईचे दिवस, नवी तार मिळत नव्हती. तुम्ही जुन्या तारा सोडवून, सरळ करून वापरल्या. तू आणि रहीमभाई. इंजिनात तेल घालणारे, तुझ्याहून वयानं मोठे रहीमभाई खांबाखाली उभे राहून वर चढलेल्या तुला शिव्या घालत होते, "अरे किसन, उतर! तेरी बहन मुझे पूछेगी!" अखेर बोर्डावर प्रत्येक भागाचा आपापला खटका बसला. एखादं इंजिन दमलं की एकेक खटका ओढायचा, ओझं कमी करायचं आणि निदान दवाखान्याचा दिवा जळता ठेवायचा.

पहिल्यांदा वेळ आली तेव्हा तू चुकलास. हे तेरवीला कोणी सांगितलं नाही. लहान इंजिन बंद पडलं आणि तू घाबरून कारखान्याचा खटका एकदम ओढलास. एवढं मोठं ओझं एका क्षणात उतरल्यावर मोठं इंजिन उधळलं, वेग वाढून आपोआप बंद पडलं, आणि या खेपेला गाव तुझ्या हातानं अंधारात गेलं. घरी आलास तेव्हा खटक्याच्या ठिणगीनं तुझ्या भिवया जळलेल्या होत्या आणि डोळे ताटात. मी त्या दिवशी तुझ्याशी भांडले नाही. वैनीनं तुझ्या पोळलेल्या मनगटाला कोरफड लावली आणि तू एवढंच म्हणालास, "हळू हळू काढाले पाह्यजे होतं. लहान वजन पह्यले. कानानं आयकत आयकत."

तिथून आपलं भांडण सुरू झालं.

कारण लहान वजन म्हणून तू पहिला खटका ठरवलास माळीपुऱ्याचा. आणि माळीपुऱ्यात, आपल्याच ओसरीवर, दिवेलागणीनंतर माझा बायकांचा वर्ग भरायचा. दिवसभर मळ्यात खुरपून, बाजारात भाजी विकून आलेल्या बाया पाट्या घेऊन बसायच्या. ओसरीवरचा तो दिवा तूच लावून दिला होतास. तार स्वतः ओढलीस, खाली उतरलास आणि म्हणालास, "घे मास्तरीन, तुया शाळेले सूर्य देल्ला." आणि तोच दिवा तू सगळ्यांत आधी बंद करायचास. पार्बतामावशी आपलं नाव लिहायला शिकत होती. तिचं 'पार्ब' झालं की दिवा जायचा. कितीतरी दिवस ती बिचारी 'पार्ब'च राहिली. बाया तिला त्याच नावानं हाका मारायला लागल्या.

"आमचाच काहून पह्यले?" मी तुला विचारलं.

"लहान वजन काढून इंजिनाची नाडी पाहा लागते."

"बंगल्याची लाइन लहान नाई का? चार बंगले, साऱ्यात पंखे! ते काढून पाह्य नाडी."

मग खरं ते बोललास. "आपल्या घरचा दिवा पह्यले बंद केल्याबिगर दुसऱ्याच्या दिव्याले हात लावाची हिंमत होत नाई, गोदे."

"मंग आपल्या घरचा कर ना. साऱ्या गल्लीचा कायले?"

"गल्ली आपलीच हाय."

"जाऊ दे," हे त्या दिवशी मी म्हणाले. पण जाऊ दिलं नाही. पुढं आपण तेच भांडण वांगी तोडताना केलं, पंगतीत केलं, मंगरूळपीरच्या उरुसाला जाताना गाडीत केलं. वैनी म्हणायची, "तुमा दोघांचं लगन लावून द्याव त्या खटक्याशी."

फाल्गुनातल्या त्या दिवसाबद्दल आपण नंतर कधी नीट बोललो नाही. बोलायला हवं होतं.

त्या संध्याकाळी माझ्या बाया पहिल्यांदा सगळ्यांसमोर पुस्तक वाचून दाखवणार होत्या. त्यांचे नवरे, दीर, सासरे बोलावले होते. आधी "बायाइले वाचून काय करा लागते" म्हणणारे, पण आले होते, ओसरीवर मांडी घालून बसले होते. मी दिवस मावळायच्या सुमारास वीजघरात आले, तुला बजावायला, की आज काही झालं तरी आमचा दिवा घालवायचा नाही. कारखान्याचा हंगाम जोरात होता. इंजिनांची धडधड जमिनीतून पायात शिरत होती.

मी बोलायला तोंड उघडणार तोच तू हात वर करून मला थांबवलंस. तू ऐकत होतास. मलाही ऐकू आलं. लहान्याचा आवाज तुटायला लागला होता. रहीमभाई धावत त्याच्याकडं गेले आणि तिथूनच ओरडले, "गया, किसन! ये गया!" लहान इंजिन थांबलं. बोर्डावरचा दिवा पिवळा झाला, मग तांबडा, विझत्या निखाऱ्यासारखा. मोठं इंजिन खालच्या आवाजात कण्हायला लागलं.

"दवाखान्यात बाई हाय," तू मला म्हणालास. माझ्याकडं न बघता. "आसेगावची. आत्ताच डॉक्टरीनबाईचा मानूस सांगून गेला. पोट उघडलं तिचं."

मग तू माझ्याकडं एकदाच पाहिलंस आणि माळीपुऱ्याचा खटका ओढलास.

माझ्या डोळ्यांसमोर ती भरलेली ओसरी आली, अंधारात बसलेली. तू कान इंजिनाकडं लावून थांबलास. मग बंगले. पुन्हा थांबलास. मग बाजार. मग, त्या चुकीनंतर तू दोन करून घेतलेल्या, कारखान्याच्या खटक्यांवर हात गेला, एक, जरा दम, दुसरा. इंजिनाचं कण्हणं वर चढत गेलं, मोकळं झालं. इतक्यात कारखान्याचा मॅनेजर धोतराचा सोगा सावरत आत आला. "कोणाच्या हुकमानं बंद केलं? रेच्यांत कापूस अडकलाय! चालू कर!" तो खटक्याकडं गेला आणि तू मधे उभा राहिलास.

"हात लावाचा असन तं मले बाजूले करा पह्यले," तू म्हणालास. आवाज चढला नव्हता, हे खरं. पण मागं नेलेल्या हातानं तू खटक्याची दांडी धरून ठेवली होतीस, ते मी मागून पाहत होते. रहीमभाई तेलाच्या हातानिशी तुझ्या शेजारी येऊन उभे राहिले. मॅनेजर शिव्या देत निघून गेला. बोर्डावरचा दिवा हळूहळू पिवळा झाला, मग पांढरा, आणि तसाच राहिला.

बराच वेळ गेल्यावर दवाखान्यातून माणूस आला. बाई जगली होती, मुलगी झाली होती. तू भिंतीला टेकून खाली बसलास आणि मला म्हणालास, "तुया बाया खोळंबल्या असतीन. जाय."

त्या संध्याकाळी घरी काय झालं ते तुला मी हसत हसत सांगितलं होतं, पण तेव्हा तू इतका थकला होतास की ऐकलंस की नाही कोण जाणे. पुन्हा सांगते. लढाईमुळं रॉकेल कंट्रोलात, घरात थेंब नव्हता. सारे पुरुष अंधारात बसलेले. पार्बतामावशी उठली, पुस्तक तोंडासमोर धरलं आणि धडाच्या धडा घडाघडा म्हणून दाखवला. पाठ होता तिला. तिचा नवरा शेजाऱ्याला म्हणाला, "पाह्यलं का? आमची अंधारातही वाचते!" मी वीजघरातला कंदील घेऊन पोचले तेव्हा सारी ओसरी हसत होती आणि ती मात्र पुस्तक उलटं धरून मोठ्या रुबाबात उभी होती.

कंपनीनं तुला काढलं. कारखान्याच्या शेठनी तक्रार केली, आणि गावातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तेच. नागपूरचे साहेब तोवर बदलून दूर गेले होते. तुझी बाजू घेणारं कोणी नव्हतं. तू मळ्यात आलास. इंजिनाचा पट्टा उतरवल्यासारखा अंगातला खाकी सदरा काढून वैनीकडं दिलास आणि फावडं घेतलंस.

तुझ्या जागी आलेला माणूस वाईट नव्हता. पण कारखान्याच्या खटक्याला हात लावायचा नाही, असा त्याला हुकूम होता. मग एक इंजिन दमलं की दुसरं दमायचं, आणि अख्खं गाव पुन्हा पुन्हा बसायचं. तू बांधावर उभा असायचास, पाठ आमच्याकडं, तोंड वीजघराकडं. इंजिनाचा आवाज तुटला की तुझा उजवा हात आपोआप उचलला जायचा. हवेतच खटका ओढायचास. मग सारं अंधारायचं आणि तू हात खाली सोडायचास. वैनीनंही ते पाहिलं होतं. आम्ही दोघी त्यावर कधी बोललो नाही. तुलाही कधी कळू दिलं नाही की आम्हाला दिसतं.

एके दिवशी शाळा सुटल्यावर मी घरी आले तर ओसरीवर माझ्या साऱ्या बाया लुगडी बदलून उभ्या. पार्बतामावशी म्हणाली, "चाल बाई. कंपनीच्या हापिसात जाचं हाय." वाटेत डॉक्टरीणबाईंना घेतलं. कचेरीत बसलेला कंपनीचा माणूस इतक्या बाया पाहून उठूनच उभा राहिला. किसनरावांना परत घ्या, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितल्यावर तो माझ्या बायांकडं वळून म्हणाला, "पण तो तर तुमचाच दिवा सगळ्यांच्या आधी बंद करायचा. तुम्ही कशाला आलात?"

मीही तेच तुला विचारत आले होते ना! पार्बतामावशीनं पदर सारखा केला. "साहेब, तई आमचा एकट्याइचा जाये. आता साऱ्याइचा जाते. आमचा तं त्याच्यातही जातेच. मंग फायदा कोनाले झाला?"

तो हसला नाही, ही त्याची चांगली गोष्ट. त्यानं शेठना बोलावून घेतलं. शेठनाही एव्हाना कळून चुकलं होतं की गाव बसलं की त्यांचा कारखानाही बसतो, आणि तोही कापूस अडकवूनच. ऐन हंगाम हातचा चालला होता. तुला परत बोलावणं आलं. वैनीनं सदरा धुऊन ठेवलेलाच होता. इतके महिने तिनं तो पेटीत घातला नव्हता, खुंटीवरच होता.

तू परत गेलास त्या दिवशी मी तुला एक अट घातली. पाळी लावायची. आज बंगले पहिले, उद्या बाजार, परवा आपण. "हाव," तू म्हणालास. मी बारीक लक्ष ठेवलं. काही दिवस खरंच बंगल्यांचा दिवा आमच्या आधी गेला, आणि माझ्या बायांनी ओसरीवरून तिकडचा अंधार पाहून तोंडाला पदर लावला. पण घाईची वेळ आली, विचार करायला सवड नसली, की तुझा हात माळीपुऱ्यावरच जायचा.

"हात सवयीनं गेला," तू म्हणायचास.

"हाताले सांग."

"हात आयकत नाई. मास्तरीनचा भाऊ हाय ना, शिकलेला नाई."

भादव्यात तुला ताप आला. डॉक्टरीणबाई स्वतः घरी यायच्या, बायकांचा दवाखाना सोडून. खाटेवर पडल्या पडल्या तू इंजिनं ऐकायचास. "लहानं आज खुशीत हाय," म्हणायचास, किंवा, "रहीमभाईले म्हना, पानी पाह्य." वैनी म्हणाली, "सोताची नाडी पाहा आता," तर तू तिचाच हात धरून ठेवलास. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यादेखत. मी उठून विहिरीवर गेले.

शेवटचं भांडण आपण दुपारी केलं, तुला जरा बरं वाटत होतं तेव्हा. तू म्हणालास, "तुया म्हनन्यापरमानं बंगल्याची लाइन पह्यले काढली ना, का मले झोप येत नाई, गोदे. त्याइले मी कोनत्या तोंडानं सांगू का तुमचा काढला आन् माया ठेवला?"

माझ्याकडं उत्तर होतं. पण तुला खोकला आला, मी पाणी दिलं, आणि म्हटलं, बरा झाला की सांगू. ते उत्तर राहिलं. ते असं होतं: तुला वाटायचं तू आपलं देतोस. पण ओसरीवरचा तो उजेड तुझ्या एकट्याचा नव्हता, दादा. तो पार्बतामावशीचा होता, दिवसभर राबून आलेल्या साऱ्यांचा होता. तुझी झोप साबूत राहावी म्हणून तू त्यांचं देत होतास. देताना त्यांच्याकडं एकदा पाहायला हवं होतंस.

हे राहिलं. आणि आणखी एक राहिलं, ते याहून सोपं होतं तरी राहिलं. त्या फाल्गुनात, तू मॅनेजरच्या वाटेत उभा राहिलास तेव्हा, मी तुझ्या मागं उभी होते आणि मला माझ्या ओसरीचं काहीच वाटत नव्हतं. मला वाटत होतं, हा माणूस मला न्यायला केनवडला आला होता.

परवा दुपारी रहीमभाई आले. बाहेरच बसले. वैनीनं पाणी दिलं, ते न पिता त्यांनी नुसतं हातात धरून ठेवलं. तुझ्या जागेवर आता त्यांना उभं केलं आहे. "बहनजी," ते म्हणाले, "पाळी मले मालूम हाय. वो मैं कर लूंगा. पन एकदम घाई झाली, सोचाले टाइम नसला, तं कोनाचा खटका ओढू? किसन तं हात घालाचा अपने मोहल्ले पे. मी दुसऱ्या मोहल्ल्यातला. मी तुमचा कसा ओढू?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझं उत्तर तयार होतं, इतकी वर्षं घोटलेलं. बंगल्यांचा ओढा. पण ते तोंडातून बाहेर आलं नाही. मी म्हटलं, "संध्याकाळी सांगते, भाई. बायाइले विचारते."

संध्याकाळी वर्गात विचारलं. सगळं सांगितलं, इंजिन कसं दमतं, ओझं कसं उतरवावं लागतं, घाईत कोणाचा तरी हात कुठंतरी पहिला जातोच. बाया पाट्या मांडीवर ठेवून ऐकत होत्या. मग मागून एक तरणी सून म्हणाली, "दवाखान्यात आपल्याच बाया जातात नं." दुसरी म्हणाली, "घाईत आपला जाऊ द्या. पन फुरसतीत पाळी म्हनजे पाळी." पार्बतामावशीनं साऱ्यांकडं एकेक करून पाहिलं, सगळ्या माना हलल्या. मग तिनं मला सांगितलं, "रहीमभाईले सांग, आमी देल्ला म्हना. लाजू नको म्हना."

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या वाटेवर मी वीजघरात जाऊन रहीमभाईंना तसं सांगितलं. त्यांनी हात पुसले, कानाला लावले आणि आत गेले. दोन्ही इंजिनं चालू होती.

दादा, इतकी वर्षं आपण ज्यावर भांडलो ते त्या बायांनी घटकाभरात मिटवलं, आणि तुझ्याच बाजूनं मिटवलं. तुला आनंद होईल, ठाऊक आहे मला. होऊ दे. तू विचारलं असतंस तरी त्या हेच म्हणाल्या असत्या रे. विचारायचं तरी होतंस.